फोटोत दिसणारी आकाशगंगा डोळ्यांना का दिसत नाही? खानदेशातून रात्रीचं आकाश टिपण्याचं तंत्र

उन्हाळा लागला की मोबाइलवर ते फोटो फिरू लागतात. खाली सातपुड्याची काळी कड, वर आकाशगंगेचा तिरका पट्टा, त्यात तपकिरी-गुलाबी छटा आणि मधून गेलेल्या काळ्या फांद्या. त्याखाली प्रश्नही ठरलेला असतो: "आम्ही इथेच राहतो, आम्हाला असं कधी दिसलं नाही. हे कॉम्प्युटरवर केलंय ना?" जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून काळोख्या आकाशाची चर्चा वाढली आहे आणि हा प्रश्नही जास्त वेळा विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर असं, की त्या फोटोतला प्रकाश खरा असतो, डोळ्याला तो साठवता येत नाही. कॅमेऱ्याला येतो. तो कसा साठवायचा आणि खानदेशात त्यासाठी कधी, कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, ते इथे सांगायचं आहे. दिशेवर मुद्दाम भर देणार आहे, कारण जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला तोंड केल्यामुळे. लोक मात्र दोष कॅमेऱ्याला देतात.

## डोळा आणि सेन्सर यांच्यातला फरक

ठिबकच्या ड्रिपरखाली तळहात धरला तर एक थेंब पडतो आणि ओघळून जातो. हाताला पाणी असल्याचं जेमतेम कळतं. तिथेच बादली ठेवली तर पहाटेपर्यंत ती भरलेली असते. ठिबक तीच, थेंब तेवढेच. डोळा हा तळहात आहे. आलेला प्रकाश तो साधारण सेकंदाचा दहावा भाग इतकाच वेळ जमा करतो आणि पुढचं चित्र घेतो. कॅमेऱ्याचा सेन्सर ही बादली आहे. शटर पंधरा सेकंद उघडं ठेवलं तर पंधरा सेकंदांत आलेला सगळा प्रकाश एकाच चित्रात साठतो. शटर उघडं राहण्याच्या या काळाला एक्स्पोजर म्हणतात, आणि तो सेकंदांत किंवा मिनिटांत मोजण्याइतका मोठा असला की लांब एक्स्पोजर.

रंगाचंही असंच आहे. अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत. उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी तेवढ्या जाग्या असतात, म्हणून आकाशगंगा डोळ्याला राखाडी, पातळ ढगासारखी दिसते. तीही खऱ्या काळोखात वीस ते तीस मिनिटं थांबल्यावर. मध्ये एकदा मोबाइलचा पांढरा स्क्रीन पाहिला की तो सराव मोडतो आणि पुन्हा तेवढंच थांबावं लागतं. सोबत लाल प्रकाशाची टॉर्च ठेवतात ती याचसाठी. साध्या टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधल्या तरी भागतं.

## तीन आकडे, त्यातला एक फसवा

पहिला आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधलं छिद्र किती मोठं उघडायचं. एफ ३.५, एफ २.८, एफ १.८ असं ते लिहितात. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. एफ ३.५ पेक्षा एफ २.८ वर सुमारे दीडपट प्रकाश आत येतो, एफ १.८ वर पावणेचार पट.

दुसरा आकडा शटरच्या वेळेचा.

तिसरा आयएसओ. गैरसमज याच्याभोवती आहे. आयएसओ ३२०० केला म्हणून कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येत नाही. आलेला प्रकाश फक्त वाढवून दाखवला जातो, आणि त्यासोबत त्यातले रवाळ ठिपकेही वाढतात. या ठिपक्यांना नॉइज म्हणतात. त्यामुळे आयएसओ कमी ठेवला की फोटो स्वच्छ येतो, हे दिवसाचं सूत्र रात्री उपयोगी पडत नाही. रात्री प्रकाशच इतका कमी असतो की आयएसओ २०० वर काढलेला काळा फोटो घरी उजळला तर अनेक कॅमेऱ्यांत तो ३२०० वर काढलेल्या फोटोपेक्षा खराब दिसतो. नॉइज खरोखर कमी करायचा असेल तर प्रकाशच जास्त जमवावा लागतो: छिद्र मोठं करून, वेळ वाढवून, किंवा अनेक फोटो एकत्र करून.

## मग शटर तासभर उघडं का ठेवत नाहीत?

कारण पृथ्वी फिरते आहे. तारे तासाला १५ अंश सरकतात, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. किती वेळ चालेल, याचा जुना ठोकताळा '५००चा नियम' म्हणून ओळखला जातो. ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागायचं. फोकल लांबी म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा. तो लहान असेल तर आकाशाचा मोठा भाग फोटोत मावतो. कॅमेऱ्याचा सेन्सर पूर्ण आकाराचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, नसेल तर त्या आकड्याला आधी १.५ ने गुणायचं, कॅननच्या लहान सेन्सरला १.६ ने. आपल्याकडे बहुतेकांकडे असतो तो १८-५५ लेन्सचा कॅमेरा. तो १८ वर ठेवला तर १८ गुणिले १.५ म्हणजे २७, आणि ५०० भागिले २७ म्हणजे सुमारे साडेअठरा सेकंद.

हा नियम फिल्मच्या काळातला आहे आणि आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरला तो सैल पडतो. मोबाइलवर पाहताना चालून जातं, फोटो मोठा केला की तारे लांबट दिसतात. जास्त काटेकोर असा 'एनपीएफ' नियम आहे: ३५ गुणिले अ‍ॅपर्चरचा आकडा, अधिक ३० गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये, आणि या बेरजेला फोकल लांबीने (इथे १.५ ने न गुणता) भागायचं. २४ मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवर पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रोमीटरचा असतो. १८ मिलिमीटर आणि एफ ३.५ ला उत्तर येतं साधारण १३ सेकंद. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची स्वस्त लेन्स लावली तर जेमतेम साडेतीन सेकंद. ध्रुवाजवळचे तारे कमी सरकतात, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असेल तर थोडी जास्त मोकळीक मिळते. आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला आहे, तिथे हा हिशोब पाळावा.

## खानदेशाच्या अक्षांशाचा फायदा

आकाशगंगेचा सर्वात तेजस्वी भाग, म्हणजे तिचं केंद्र, धनू राशीत आहे, वृश्चिकाच्या नांगीला लागून. ते आकाशाच्या विषुववृत्तापासून २९ अंश दक्षिणेला येतं. जळगाव-धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ९० मधून २१ आणि २९ वजा केले की ४० उरतात. म्हणजे आपल्याकडे हा गाभा दक्षिण क्षितिजापासून ४० अंश वर चढतो. लंडनमधून तो जेमतेम साडेनऊ अंशांवर येतो आणि क्षितिजावरच्या धुरकटात हरवतो. इतकी अनुकूल जागा आपल्याला बसल्याजागी मिळालेली आहे आणि तिचा पुरेसा उपयोग होत नाही, याची हळहळ वाटते.

उत्तरेला ध्रुवतारा मात्र आपल्याकडे खाली असतो, क्षितिजापासून २१ अंशांवर. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश झाकते, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुव. ताऱ्यांच्या वर्तुळांचा फोटो काढताना हे माप लागणार आहे.

## कधी? पंचांग उघडा

आकाशगंगेला चंद्राचा उजेड अजिबात चालत नाही. ती कधी उगवते, हे महिन्यावर ठरतं, आणि चंद्र केव्हा नसेल, हे तिथीवर. दोन्ही जुळवायचे.

एप्रिलच्या मध्याला गाभा रात्री साडेअकराच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, दीडपर्यंत कामापुरता वर येतो आणि पहाटे पावणेपाचच्या आसपास सर्वात उंच असतो. तेवढ्यात उजाडायलाही लागतं. दर महिन्याला हे दोन तास आधी होतं, म्हणून मेच्या मध्याला उदय साडेनऊला, मार्चच्या मध्याला दीडला. फोटो मध्यरात्रीनंतर काढायचा असल्याने शुक्ल पक्षातला लवकर मावळणारा चंद्र अडत नाही. चैत्रात पाडव्यापासून रामनवमीपर्यंतच्या पहाटा यासाठी मोकळ्या असतात. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, नवमीचा त्यानंतर तासाभराने. सर्वात जुळून येणारी रात्र आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. तृतीयेची कोर साधारण साडेनऊच्या आसपास मावळते आणि त्या वर्षीच्या तारखेप्रमाणे साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान गाभा उगवतो. माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, घर जागं असतं, आणि वर आकाश पूर्ण काळं. कृष्ण पक्षात उलट होतं. अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच उगवतो, म्हणून तेव्हा एकादशी-द्वादशीपर्यंत थांबावं.

जून ते सप्टेंबर पाऊस. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव आपल्याकडे बहुतेक वेळा ढगांतच जातो. त्याची भरपाई डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या मिथुन उल्कावर्षावात करावी, तेव्हा आकाश मोकळं असतं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की हवा धुतलेली असते आणि गाभा संध्याकाळीच नैर्ऋत्येला दिसतो. महिन्याच्या मध्याला सव्वासातच्या सुमारास पूर्ण अंधार होतो. तेव्हा तो २७ अंशांवर असतो आणि दहाच्या आत मावळतो, म्हणजे कामाचा वेळ तास-दीड तास. इथे कृष्ण पक्ष हवा. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता आहे ते घरात सगळ्यांना माहीत असतं, त्या वेळेपर्यंतच काम करायचं. त्यानंतर अमावास्येपर्यंत प्रत्येक रात्र जास्त मोकळी होत जाते. वसुबारसेनंतर मात्र फटाक्यांचा धूर येतो. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात असते त्या वर्षी हा हंगाम पितृपक्षातच शोधावा, कारण दिवाळीपर्यंत गाभा फार खाली गेलेला असतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाशगंगेचा फिका भाग वर असतो, पण मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध यांचं आकाशही कमी देखणं नाही.

## कुठे उभं राहायचं आणि तोंड कुठे करायचं

काळोख म्हणजे सातपुडा, असं आपण धरून चालतो. अर्ध्या कामापुरतं ते खरं आहे. पाल किंवा मनुदेवीच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की डोक्यावर आकाश काळं असतं. पण गाभा दक्षिणेला आहे, आणि तिथून दक्षिणेला पाहिलं की रावेर, फैजपूर, यावल, त्यापलीकडे भुसावळ, दीपनगरचं औष्णिक केंद्र आणि जळगाव या सगळ्यांच्या दिव्यांचा पिवळट पांढरा उजेड क्षितिजावर पसरलेला असतो. १३ सेकंदांत तोही साठतो आणि नेमक्या त्याच भागात आकाशगंगा धुऊन जाते.

म्हणून गाभ्यासाठी खानदेशाची दक्षिण कड जास्त चांगली, जिथे गावांचे दिवे पाठीमागे राहतात. चाळीसगावच्या दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगेखाली दक्षिणेकडे डोंगर असतात आणि चाळीसगाव पाठीला. डोंगराची कड आकाशाचा खालचा भाग अडवते, पण ४० अंशांवरच्या गाभ्याला त्याने काही होत नाही. ऑक्टोबरात मात्र तो खाली असतो, तेव्हा कड्यापासून दूर सरकावं. याच भागात, पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. ज्या मातीत आठशे वर्षांपूर्वी आकाशाचं गणित शिकवण्याची सोय झाली, तिथलं आकाश अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, ही जपण्यासारखी गोष्ट आहे.

सातपुड्याचा पायथा ध्रुवाभोवतीच्या वर्तुळांसाठी उत्तम. तोंड उत्तरेला, समोर डोंगर आणि जंगल, दिवे पाठीमागे. दरीच्या फार आत शिरू नये, नाहीतर २१ अंशांवरचा ध्रुव डोंगराआडच जातो. तोरणमाळच्या पठाराला उंचीमुळे धुरळ्याचा बराच थर खाली राहण्याचा फायदा आहे, पण दक्षिणेला शहाद्याचा उजेड असतोच. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या छान दिसतात. लांब एक्स्पोजरमध्ये त्यांची पाती पुसट चकतीसारखी होतात आणि त्यांवरचे लाल दिवे फोटोत ठिपके टाकतात, हे धरून चौकट बांधावी.

हवेचंही पाहावं. मार्च-एप्रिलमध्ये पऱ्हाट्या जाळल्याचा धूर आणि उन्हाळी धुरळा खालचं आकाश तपकिरी करतो. वळवाची एक सर येऊन गेली की त्यानंतरची मोकळी रात्र सोडू नये. हिवाळ्यात केळीच्या बागांजवळ ओल जास्त असते आणि लेन्सवर दव लवकर धरतं.

## प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमाने

उजेड असतानाच जागेवर पोचा. ट्रायपॉड काळ्या जमिनीत नुसता उभा करू नका. उन्हाळ्यात भेगा असतात, पावसानंतर पाय हळूहळू रुततात. प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवावा. मधला दांडा वर काढू नये आणि वारा असेल तर खाली पिशवी टांगून ती जमिनीला टेकू द्यावी.

कॅमेरा मॅन्युअलवर, फाइल रॉ प्रकारात. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली, पूर्ण माहिती असलेली फाइल. लेन्समधलं हादरे सावरणारं बटण बंद करावं, ट्रायपॉडवर ते स्वतःच हादरे देतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या पिवळ्या-निळ्या रंगांचा तोल, ४००० केल्विनच्या आसपास. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर किंवा रिमोटने.

आता फोकस. सर्वात जास्त फोटो इथेच जातात. ऑटोफोकस अंधारात चालत नाही. लेन्सवरची अनंताची खूणही नेमकी नसते, आणि १८-५५ वर तर ती बहुधा नसतेच. मॅन्युअल फोकसवर जाऊन स्क्रीनवर थेट चित्र चालू करा, तेजस्वी तारा मध्यभागी आणा आणि तो दहापट मोठा करा. एप्रिल-मेमध्ये स्वाती किंवा चित्रा, हिवाळ्यात व्याध. रिंग सावकाश फिरवताना तारा आधी लहान होईल, मग पुन्हा मोठा व्हायला लागेल. जिथे सर्वात लहान होता तिथे परत या आणि रिंग चिकटपट्टीने बांधून टाका. तारा सापडत नसेल तर किलोमीटरभर लांबच्या मोबाइल टॉवरचा दिवा चालतो. संध्याकाळी तापलेली लेन्स रात्री निवते तसा फोकस किंचित सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा. मेमध्ये तर नक्कीच.

सुरुवात १८ मिलिमीटर, एफ ३.५, १३ सेकंद, आयएसओ ३२०० वर करा. फोटो बरा आला की नाही, हे स्क्रीनच्या उजेडावरून ठरवू नका. काळोखात कोणताही फोटो लख्ख दिसतो. हिस्टोग्राम पाहा, म्हणजे फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणता उजेड किती आहे, ते दाखवणारा आलेख. त्याचा उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. डाव्या भिंतीला चिकटला असेल तर आयएसओ ६४०० करा. मध्यावर गेला असेल तर समजावं की गावांचा उजेड जास्त आहे. अशा वेळी आयएसओ कमी करून भागत नाही, दिशा किंवा जागा बदलावी लागते.

## ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील तर

इथे तारे सरकू द्यायचे असतात. पूर्वी फिल्मवर शटर तासभर उघडं ठेवत. डिजिटलमध्ये तसं केलं तर सेन्सर तापतो, आकाश पांढरं होतं आणि शेवटच्या मिनिटाला कोणाच्या गाडीचा दिवा पडला की सगळं गेलं. त्याऐवजी ३० सेकंदांचे फोटो लागोपाठ काढून नंतर जोडतात. एका तासात १५ अंशांचा कंस मिळतो, दोन तासांत ३०. आयएसओ ८०० ते १६००, अ‍ॅपर्चर एफ ४. ध्रुव दोन मुठी वर असल्याने १८ मिलिमीटरवर आडव्या चौकटीत क्षितिज आणि ध्रुव दोन्ही मावतात.

दोन खाचखळगे आहेत. लांब एक्स्पोजरचा नॉइज कमी करण्याची सोय कॅमेऱ्यात चालू राहिली तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ बंद शटरचा फोटो घेतो आणि रेषा तुटक येतात. ती बंद करा. दुसरं, बऱ्याच कॅमेऱ्यांचं '३० सेकंद' प्रत्यक्षात ३२ सेकंदांचं असतं. टायमरवर ३१ सेकंदांचं अंतर दिलं तर दर दुसरा फोटो चुकतो. अंतर ३४ ठेवा, किंवा लागोपाठ फोटोंच्या मोडवर रिमोटचं बटण दाबून लॉक करा. तासाला शंभराहून जास्त रॉ फायली होतात, म्हणजे तीन जीबीच्या आसपास. कार्ड रिकामं हवं आणि भरलेल्या दोन बॅटऱ्या जवळ हव्यात. जोडणीला स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

## अनेक फोटो एकत्र करणं ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे. एकाच जागेवरून लागोपाठ काढलेले १६ फोटो घेतले, ताऱ्यांवर तारे जुळवले आणि सरासरी काढली, तर तारे प्रत्येक फोटोत असतात म्हणून टिकतात. नॉइज प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो म्हणून पुसला जातो. तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, १६ फोटोंना चौपट. याला स्टॅकिंग म्हणतात. त्यात आकाशात नसलेली कोणतीही गोष्ट येत नाही, उलट कॅमेऱ्याने घातलेली खोटी गोष्ट निघून जाते. खगोलशास्त्रज्ञही हेच करतात. सिक्वेटर, सिरिल आणि डीप स्काय स्टॅकर ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत. सिक्वेटरमध्ये आकाशाचा भाग रंगवून दाखवला की जमीन जागेवर ठेवून फक्त तारे जुळवले जातात. विमानं आणि उपग्रहांच्या रेघाही सरासरीत बऱ्याच जातात.

एका गावचं आकाश दुसऱ्या गावच्या डोंगरावर चिकटवणं, किंवा उत्तरेकडच्या देवळावर दक्षिणेचा गाभा ठेवणं ही मात्र फसवणूकच. तसं केलं असेल तर फोटोखाली स्पष्ट लिहावं.

खानदेशात स्टॅकिंगची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आकाशगंगेचा आपला हंगाम नेमका कडक उन्हाळ्यात येतो. प्रकाश नसतानाही सेन्सर गरम असला की त्यात प्रवाह तयार होतो, आणि तो दर सहा-सात अंश तापमानाला साधारण दुप्पट होतो. डिसेंबरची १० अंशांची रात्र आणि मेची ३० अंशांची रात्र यांत त्यामुळे सुमारे आठपट फरक पडतो. मेच्या फोटोत लाल-निळे ठिपके पडतात ते यामुळे. उपाय सोपा आहे. काम संपल्यावर तिथेच, लेन्सला झाकण लावून, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच सेकंदांचे १५-२० फोटो घ्यायचे. यांना डार्क फ्रेम म्हणतात, आणि सॉफ्टवेअर ते मूळ फोटोंमधून वजा करतं. घरी जाऊन पंख्याखाली काढलेले चालत नाहीत, तापमान तेच हवं. दिवसभर कॅमेरा तापलेल्या गाडीत ठेवू नये, हेही त्यातच आलं.

## ताऱ्याच्या आकारावरून बिघाड ओळखा

फोटो मोठा करून मधले आणि कोपऱ्यातले तारे पाहा. सगळीकडे तारे मऊ, फुगीर गोळे असतील तर फोकस चुकला. सगळे एकाच वळणाने लांबट असतील तर वेळ जास्त झाला. वेडीवाकडी नागमोडी रेघ असेल तर ट्रायपॉड हलला. मध्ये ठिपके चांगले आणि फक्त कोपऱ्यांत पंख फुटलेले असतील तर तो लेन्सचा गुण आहे, अ‍ॅपर्चरचं छिद्र एक पायरी लहान करावं. सुरुवातीचे फोटो स्वच्छ आणि पुढे प्रत्येक ताऱ्याभोवती धुरकट वलय वाढत गेलं असेल तर लेन्सवर दव आहे. कापडाने पुसलं तर ते पाच मिनिटांत परत येतं. यूएसबीवर चालणारा गरम पट्टा पॉवर बँकेला जोडून लेन्सभोवती गुंडाळणं हाच खरा उपाय.

## फोनवर जमेल का?

जमेल, मर्यादेत. फोनमधला आकाशाचा मोड स्टॅकिंगच करतो. पिक्सेल फोनमध्ये सुमारे १६-१६ सेकंदांचे १५ फोटो आपोआप जोडले जातात, म्हणून त्याला चार मिनिटं लागतात. तसा मोड नसेल तर प्रो मोडमध्ये शटर १५ ते ३० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००, फोकस अनंतावर. फोन ट्रायपॉडवर किंवा दगडांच्या आधाराने घट्ट हवा आणि शटर टायमरने सोडावं. काळोख असेल तर आकाशगंगा दिसेल इतका फोटो येतो. छापून भिंतीवर लावण्याइतके बारकावे त्यात नसतात, कारण लेन्सचं छिद्रच लहान असतं.

गावातूनच आकाशाचा फोटो काढता यावा म्हणून लेन्सवर लावायचे फिल्टर विकले जातात. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश एका ठरावीक रंगाचा होता, तो हे फिल्टर गाळू शकत. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, त्यामुळे आता त्यांचा उपयोग फार उरलेला नाही. त्या पैशांत मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल भरून वीस-तीस किलोमीटर लांब जाणं बरं.

## रात्री जाताना

चाळीसगावजवळचा पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतो आणि पालचा भाग यावल अभयारण्यात. रात्री आत थांबायला वनविभागाची परवानगी लागते आणि दोन्हीकडे बिबट्या आहे. परवानगी नसेल तर अभयारण्याच्या बाहेर, ओळखीच्या शेतात काम करावं. रात्रीच्या विजेच्या पाळीत शेतकरी पाणी द्यायला निघालेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात पहाटे मोहाची फुलं वेचायला माणसं बाहेर पडतात. त्यांची टॉर्च फोटोत आली तर चिडू नये, रान त्यांचं आहे. शेतमालकाला आधी सांगून ठेवावं, म्हणजे अनोळखी दिवा पाहून कोणी घाबरून धावत येणार नाही. दिवसा जागा पाहताना आसपासची विहीर कुठे आहे आणि तिला कठडा आहे का, हे नक्की पाहून घ्यावं. फोकस लावून डोळे आकाशात असताना माणूस पाठीमागे न बघताच मागे सरकत जातो.